ब्रूस्टर आधी वर पोचला

गुरुवार, ५ सप्टेंबर
जिंकलो! गावच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, विमान उडवायच्या खेळात माझा ब्रूस्टर, दोस्त आर्वीचा कर्टिस. दोन्ही लढाऊ विमानं आमच्या बापांच्या लढाईतली. पाच हजार मीटर चढायचं, मग नाक खाली घालून सूर मारायचा — सहाशेचा वेग आधी कोण गाठतो ते बघायचं. चढण्यात मी चाळीस सेकंद पुढे! सुरात मात्र माझं विमान पिसासारखं तरंगत आलं. असो.
आर्वी म्हणाला, चाळीस सेकंद जास्त वाटतात, परत घेऊ. मी सगळ्यांसमोर बोललो — "हरलास की तुझं घड्याळ मागे पडतं. तीस वर्षं खोटे आकडे सांगतोयस!" त्यानं टोपी घातली नि गेला. कॉफी तशीच.

शनिवार, ७ सप्टेंबर
बेचाळीस वर्षं दर शनिवारी आर्वीच्या सौनात, वाफेच्या खोलीत बसतो. बोलावणं लागत नाही. तापवतो तो, पाठ झोडायला दोघांना बर्चच्या डहाळ्यांची एकेक जुडी बांधतो. आज गेलो नाही. तळ्यापलीकडे धूर दिसला. मला खिजवायलाच!

गुरुवार, १२ सप्टेंबर
हॉलवर आर्वी नाही. मजा नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर
धूर. मी घरी शॉवरखाली. ही काय अंघोळ झाली?

मंगळवार, १७ सप्टेंबर
दुकानात साइमी भेटली, आर्वीची बायको. विचारलं, येत का नाही? म्हटलं, त्यानं बोलवावं की. ती म्हणाली, "उर्हो, तो या महिन्यात घरात चार वाक्यं बोललाय. दोन कुत्र्याला."

गुरुवार, १९ सप्टेंबर
विमानाचा तो सूर डोक्यातून जाईना. शाळा चार इयत्ता, पण ट्रॅक्टर चाळीस वर्षं दुरुस्त केलेत. भरलेली ट्रॉली उतारावर कशी ढकलते ते मला कुणी शिकवायला नको. जड ते खाली जोरात येतं. मग माझं विमान हलकं होतं?
हॉलच्या कॉम्प्युटरवर त्या दिवशीची नोंद उघडून बघितली. इंधन — पाव टाकी! शर्यतीच्या आदल्या दिवशी उतरायचा सराव केला होता, तेव्हा कमी केलं. परत भरायचं राहिलं.
टाकी भरून परत चढलो, सूर मारला, आर्वीच्या त्या दिवशीच्या वेळेशी ताडून बघितलं. कर्टिस नऊ सेकंद आधी.
खोटा आकडा माझा.

शुक्रवार, २० सप्टेंबर
फोन उचलला. ठेवला. असलं फोनवर बोलतात होय?

शनिवार, २१ सप्टेंबर
गेलो. आर्वी सरकून बसला. त्यानं तापल्या दगडांवर पाणी टाकलं. मी म्हटलं, टाकी पाव होती.
"माहीत आहे. तुझ्या इंधनाचा काटा दिसत होता मला."
"मग तिथंच का नाही बोललास?"
"चारचौघांत?"
माझी जुडी बादलीत भिजत होती, ताजी. दारामागच्या खुंटीवर आणखी दोन — वाळून कुरकुरीत झालेल्या, एकदाही न वापरलेल्या.