कोणता डोळा, आजी?

९ मार्च, रविवार दुपार

ती. आईस,

नमस्कार. गुडघ्यांचं विचारत नाही. तू "बरे आहेत" एवढंच लिहिणार आणि जिने चढत राहणार. मी ठणठणीत आहे. हल्ली खोलीवर स्वतःच रांधते आणि करपलेलंही मुकाट्याने खाते.

बातमी आधी सांगते. परवा मला बढती मिळाली. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आता मी मुख्य रिसेप्शनिस्ट. चार खिडक्या, सहा मुली, त्यांच्या पाळ्या, रुसवेफुगवे, फोन, सगळं माझ्या अंगावर.

तू हे वाक्य पुन्हा वाचशील. वाच. लिहिताना चूक झालेली नाही.

गेल्या महिन्यात एकाच सकाळी एकाच नावाच्या दोन आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या. एकीचा उजवा डोळा, दुसरीचा डावा. खिडकीवरच्या नव्या मुलीने नाव पुकारलं, एक आजी उठली. "उजवा ना?" विचारल्यावर तिने मान डोलावली. तिला ऐकूच कमी येत होतं! तिला वर नेलं. थोड्या वेळाने दुसरी आजी माझ्यापुढे उभी. "बाळ, माझा नंबर कधी गं?"

फाइल बघितली. उजवा डोळा हिचा होता. वर फोन लावला, कोणी उचलेना.

ऑपरेशनं तिसऱ्या मजल्यावर होतात. सात वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. धावत गेले. मोठे डॉक्टर हात धुऊन तयार.

"रिसेप्शनचं इथे काय काम?"

"नंतर हवं तेवढं रागवा, पण आधी आजींना विचारा."

"बाहेर व्हा."

"विचारल्याशिवाय नाही जाणार, सर." मी दारातच उभी राहिले.

ते वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "कोणता डोळा, आजी?" आजीने डाव्यावर बोट ठेवलं. औषधाचे थेंब उजव्यात पडले होते.

चौकशीत व्यवस्थापक म्हणाले, "त्या नव्या मुलीला काढून टाकू." मी म्हटलं, "उद्या दुसरी येईल आणि हेच करेल. नुसतं नाव पुकारायची पद्धत काढा." आता पूर्ण नाव, जन्मतारीख आणि कोणता डोळा, हे आम्ही माणसाच्याच तोंडून वदवून घेतो आणि मगच मनगटाला नावाची पट्टी बांधतो. ही अट मान्य झाली तेव्हाच मी खुर्ची घेतली. नवी मुलगी अजून आहे, आणि आता सगळ्यांत कडक तीच आहे.

सात वर्षं त्या मजल्यावर का गेले नव्हते, ते लिहायला तीन कागद फाडले.

आई, मी नर्स नाही. शिकाऊ असताना तिथेच तीनदा भोवळ येऊन पडले, तिसऱ्यांदा हातातल्या ट्रेसकट. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुझ्या हातांपेक्षा तुझा आवाज कामाचा. खाली रिसेप्शनवर बस." बसले. तुला सांगायचं आज राहिलं, उद्या राहिलं, असं करत राहतच गेलं. तू शिवून पाठवतेस ते पांढरे गणवेश माझी खोलीतली मैत्रीण घालते, खरी नर्स ती आहे. बाबांच्या आजारपणात तू त्या नर्सबाईंचे हात धरून म्हणालीस, "माझी मुलगी अशीच होईल." ते मोडायचा धीर झाला नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलत सुटते, म्हणून हे पत्र.

लाज वाटते ती खोटं बोलल्याची. कामाची नाही वाटत, आणि कधी वाटलीही नाही.

मावशी तुला घेऊन पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला येणार आहे म्हणे. "भाची नर्स आहे, थेट आत नेईल!" नेणार नाही. दोघींना टोकन देईन आणि रांगेत बसवीन. मावशी तोंड फुगवेल, फुगवू दे.

शेजारणींना काय सांगायचं ते तू ठरव. मला कोणी विचारलं तर मी खरंच सांगणार. रागावली असशील तर रागावूनच ये, पण ये. दारातून आत आलीस की समोर मधल्या खिडकीत मी असेन.

तुझी मुलगी,
मुख्य रिसेप्शनिस्ट