ताईंची रांग

सोमवार
डॉक्टर म्हणून रुजू झाले एकदाची! नवऱ्याची बदली व्हायला अवकाश आहे, तोवर मुक्काम थोरल्या दिरांकडे. जाऊबाईही याच इस्पितळात डॉक्टर. घरी मी त्यांना ताई म्हणते. वॉर्डात मॅडम म्हणायचं ठरवलं होतं, पण सकाळीच जीभ घसरली आणि सिस्टर खुदकन हसल्या.

कामही छान आहे. विषाणूने फुप्फुसं भरलेले रुग्ण, सगळे ऑक्सिजनवर. नव्या औषधाचा गुण येतो का, ते तपासायचं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुप्या एकसारख्या, त्यामुळे कुणाला काय जातंय ते आम्हालाही ठाऊक नाही. खिडकीकडची रांग माझी, भिंतीकडची ताईंची. ऊन माझ्या वाट्याला आलं म्हणून मी मनातून खूश.

शुक्रवार
ताईंच्या रांगेतल्या तिघांचा ऑक्सिजन निघाला. माझ्याकडे एकाचाही नाही. कुप्या त्याच, मात्राही तीच!

आज माझ्या रांगेतले बस ड्रायव्हर आजोबा गेले. त्याआधी त्यांच्या बायकोने मला हळूच विचारलं होतं, यांना त्या बाईंच्या रांगेत हलवता येईल का. जेवताना सासूबाई म्हणाल्या, थोरलीच्या हाताला गुणच आहे. घास तोंडातच फिरत राहिला.

बुधवार
ताई प्रत्येक रुग्णापाशी वाकून बसतात, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन. हल्ली त्या खंगल्यात. आज जिना चढताना मध्येच पायरीवर टेकल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

एक विचित्र गोष्ट. त्यांच्या बऱ्या झालेल्यांच्या छात्या एकाच वेळी वर येतात, एकाच वेळी खाली जातात. आणि त्यांच्यासोबत ताईंचीही.

सोमवार
कुणाला काय दिलं होतं, ते चाचणीच्या समितीने आज उघड केलं. ताईंच्या बऱ्या झालेल्यांत निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी! औषधाचा काडीचा उपयोग नाही. चाचणी बंद.

मी ताईंना औषधांच्या खोलीत गाठलं. म्हटलं, औषध नाही तर काय देता त्यांना? सगळं कौतुक एकटीनेच लाटायचंय का तुम्हाला? त्या धापा टाकत म्हणाल्या, "अगं, यात कौतुक कसलं? आपला श्वास देता येतो, परत घेता येत नाही."

परत घेता येत नाही, हे मला खरं वाटलं नाही. मलाही शिकवा म्हणून मी रडले, हटून बसले. शेवटी त्यांनी शिकवलं. रुग्णाच्या श्वासात आपला श्वास मिसळायचा, ताल जुळला की अर्धा तिथेच सोडायचा.

गुरुवार
जमलं! माझ्या रांगेतल्या शिक्षिकाबाई उठून बसल्या. त्यांच्या मुलीने माझे हात घट्ट धरून ठेवले. सासूबाईंनी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, धाकटीही काही कमी नाही. आणखी चौघांना श्वास दिला. छातीत जरा दुखतंय. दुखू दे.

रविवार
ताई गेल्या. दुपारी, वॉर्डातल्या खुर्चीत बसल्या बसल्या.

त्याच क्षणी भिंतीकडची अख्खी रांग उठून बसली. पाठोपाठ बरे होऊन घरी गेलेलेही परत आले, नुसते सदऱ्यावर, अनवाणी. आधी छात्या थांबलेल्या होत्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छात्या हलू लागल्या. माझ्या तालावर.

मंगळवार
दोन पायऱ्या चढले की बसावं लागतं. मी श्वास रोखला तर तेही रोखतात. निळे पडतात. मी सोडते, ते सोडतात. लिहितानाही —

सिस्टर म्हणतात, नवी डॉक्टर आलीय, निम्मे रुग्ण तिला द्या, तुमची तब्येत बघा.

बुधवार
नवी हसरी आहे. शिक्षिकाबाईंशी बोलत होती. त्या हसल्या. माझ्याकडे बघून कधी — एकदाही नाही —

मी तिला सांगितलं, हात लावू नकोस. माझे आहेत. ताईंचेसुद्धा आता माझेच.

गुरुवार
ती वाकलीय. शिक्षिकाबाईंच्या तोंडाजवळ. तिला कुणी शिकवलं? मी नाही — सगळ्यांच्या माना तिच्याकडे — नको, इकडे बघा — मी देते — अजून आहे माझ्याकडे, थोडा —