आप्पांनी घेतलेलं नाव

विजापूर, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९९८

पहाटेच भांडगावहून जीप काढली आणि दुपारी वडिलांना गोलघुमट दाखवला. आप्पांचे गुडघे दुखतात, तरी माझ्या खांद्याला धरून पार वरपर्यंत चढले. तिथं एकदा हाक मारली की ती कितीदा तरी परत येते, म्हणून सगळेच ओरडत होते.

"म्या काय म्हनू?" आप्पांनी विचारलं.

"तुमचं नाव घ्या की."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मोठ्यानं हाक मारली, "हौसाऽ!"

आईचं नाव. तिला जाऊन वर्ष झालं. घरात कायम "अगं ए" म्हणायचे, नाव कधी घेतलं नाही. भिंतींतून हौसा, हौसा येत राहिलं. सहलीची पोरं हसली. मला रडू यायला हवं होतं का? आलं नाही. मी नुसता त्या हातातल्या टोपीकडे बघत होतो.

"चल, भूक लागली," ते म्हणाले. खाली बसून भाकरी खाताना सगळं बोलणं ऊसतोडीचं.

आता लॉजच्या गॅलरीत चहा पितायत. मी मात्र तिथंच अडकलोय. आईनं त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं असेल ते लग्नातल्या उखाण्यात, तेवढं एकदाच.