कोपऱ्यातला पिवळा खळगा

मंगळवार संध्याकाळ, नांदेड

चाचणीच्या प्लेटच्या कोपऱ्यातला खळगा पिवळा का झाला, काही कळेना. बाकी खळग्यांत लाळेचे नमुने होते. लाळेतला पेशी वाढवणारा घटक अँटीबॉडीला सापडला की पिवळा रंग येतो. पण कोपऱ्यात तर नुसतं पाणी!

अँटीबॉडी लातूरच्या प्रयोगशाळेतल्या वर्षानं बर्फात घालून पाठवलेली. तिला फोनवर तोडून बोलले, “तुझी अँटीबॉडीच खराब हाय.”

“माझ्याकडं तर नीट चालायलीय गं,” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पण तो कोपरा... नुसतं पाणी ना?

आत्ता वहीचं पान उलटायला सवयीनं बोट जिभेला लावलं, आणि आठवलं. सकाळी प्लेट झाकणारा पातळ चिकट कागद सुटेना, तेव्हा हातमोजा काढून हेच बोट ओलं केलं होतं. कागद उचलला त्याच कोपऱ्यातून.

वर्षाला फोन लावायचाय. बोट अजून ओलंच आहे.