घंटेच्या आधी

इयत्ता-प्रथमा-साम्राज्य-धुरंधरा, खडू-चूर्ण-विभूषिता, बाराखडी-प्रवर्तिका, वेत्रदंड-परित्यागिनी, मुलुंडनगरीनिवासिनी परमपूज्य बाई, आपण कैलासवासी असल्यामुळे क्षेमकुशल विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. आपल्याच शाळेतला तत्कालीन कनिष्ठ सहकारी, देवभाषेचा हा पगारी सेवक, लिहितो आहे.

माझी कन्या आपल्या वर्गात आली ते संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी भिंती रंगल्याचे दिवस. आज डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. तेव्हा हा शब्द आम्हांस अज्ञात होता आणि ‘बाहेरची बाधा’ हे निदान शेजारीपाजारी विनामूल्य उपलब्ध होते. सात वर्षांची ती, बोलत नसे. घंटा झाली की स्वतःचे मनगट चावे. एकदा गायनाच्या तासाला नेताना तिने खुद्द बाईंचा, म्हणजे आपला, हात चावला, रक्त निघेपर्यंत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, शनिवारी मी स्वतः येऊन पाहीन, पुन्हा हेच दिसले तर नाव कमी करू. शिस्तीवरची सुभाषिते मला मुखोद्गत. त्यांतले एकही इथे उपयोगाचे नव्हते. दुसरी शाळा तिला घेणार नव्हती.

त्याच संध्याकाळी हाताला पट्टी बांधून आपण आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात. मी क्षमायाचनेची दीर्घ प्रस्तावना आरंभतो. मला थट्टेने शास्त्रीबुवा म्हणणाऱ्या आपण मध्येच तोडता.

“शास्त्रीबुवा, ते राहू द्या. चावायच्या आधी काय होतं, ते सांगा.”

मी पत्नीकडे पाहतो. पत्नी सांगते की, आंघोळीला नेण्यासाठी उचलले की ती किंचाळते, जेवायला ओढले की डोके आपटते. आपण उठून तांब्या मुलीच्या हातात देता आणि तिची वाट पाहता. बराच वेळ. मग ती तांब्या उराशी धरून स्वतःहून मोरीकडे जाते.

“पुढं काय होणार हे तिला कळत नाही, म्हणून ती घाबरते,” आपण म्हणता. “शब्द पोचत नाहीत ना, मग वस्तू द्या.”

जेवणाआधी वाटी, बाहेर जाण्याआधी चपला. घरातला आक्रोश उणावला. संपला मात्र नाही.

शनिवारी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात, त्यांच्यामागे मी. आपण तिच्या हातात गायनाच्या खोलीतले टाळ ठेवता. शिपाई घंटेकडे निघतो. टोल पडतो. मनगट तोंडाकडे जाते, दातांत सापडते. मी पुढे होऊ पाहतो, आपण नजरेनेच मला अडवता. ती एक लांबलचक किंकाळी फोडते. मग मनगट सुटते आणि टाळ घट्ट धरून ती आपल्या पुढे गायनाच्या खोलीकडे चालू लागते.

“हे रोज करणार तुम्ही?” मुख्याध्यापकांनी विचारले.

“रोज. घंटा रोजच होते ना, सर.”

नाव राहिले. चौथीपर्यंत राहिले.

स्वर्लोकी बटवडा होत नसल्याने हे पत्र टपालात पडणार नाही. म्हणून कबूल करतो की, अजूनही ती किंचाळली की मी प्रथम व्याख्यानच देतो, वस्तू नंतर आठवते. बाकी ठीक. तक्रार एकच. सकाळी वर्तमानपत्र आले की ती त्याची तळहाताएवढी घडी घालून त्यावर बसते आणि दुपारपर्यंत उठत नाही. नाना उपाय झाले, दुसरा अंक आणून पाहिला, त्यावरही बसली. परिणामी मंत्रिमंडळ राहिले की पडले हे मला दूधवाल्याकडून कळते, आणि तो निम्मे चुकीचे सांगतो.