बाबांच्या फाईलचा आकडा

सोमवार, ४ ऑगस्ट

जुळत नाही. तीनदा काढला, तिन्ही वेळा नाही.

बाबांनी आईसाठी केलेला छोटा प्रोग्राम – सकाळ-संध्याकाळ आठ वाजता गोळ्यांची आठवण, त्यांच्याच आवाजात. जुना कॉम्प्युटर धापा टाकतोय, म्हणून आज नव्यावर घेतला. फाईलचा हॅश – तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा – बाबांनी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलाय. चौसष्ट अक्षरं. खाली – ‘जुळला नाही तर समज, कुणीतरी माझ्या तोंडी शब्द घातलेत.’

ऑफिसात दिवसभर मी हेच करते. फाईलमधला एक स्वल्पविराम हलला तरी हा आकडा पार बदलतो. लोकांच्या फाईली डोळ्यांत तेल घालून तपासायच्या, आणि घरचीच बिघडलेली!

कॉपी करताना चुकलं असेल. तेवढंच असू दे.

मंगळवार, ५

कॉपी ठीक आहे. तिचा आकडा आणि जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाईलचा आकडा एकच. म्हणजे मूळच बदललीय. शेवटचा बदल – १२ मार्च. बाबा जानेवारीत गेले.

उघडून पाहिली. एकेक ओळ म्हणजे त्यांचं एकेक वाक्य. सगळी त्यांचीच. घातलेलं काहीच नाही.

मार्चमध्ये दादा आला होता. ‘कॉम्प्युटर साफ करून देतो’ म्हणाला होता. फोनवर त्याला नाही नाही ते बोलले. तुला बाबांचं काही म्हणून धड ठेवता येत नाही, असंही. तो म्हणाला – “मी ती फाईल उघडलीसुद्धा नाही गं. त्यांचा आवाज ऐकवत नाही मला.”

तरी फोन आपटला. माझ्या जिभेला हाड नाही.

बुधवार, ६

आईनं विचारलं, “दादाशी भांडलीस?” मी विषय बदलला. ती नीट जेवली नाही.

आठ वाजता बाबा बोलले – “अगं, गोळ्या घेतल्यास का?” आई “हो, घेते” म्हणाली आणि उठली. रोज उत्तर देते त्यांना.

गुरुवार, ७

सकाळी आईच म्हणाली, “त्याला बोलू नकोस. ते मी केलंय. वेळ बदलायला ह्यांनी शिकवलं होतं ना, तशीच एक ओळ काढून टाकली.”

दादाची माफी मागितली. दोघंही रडलो.

काढलेली ओळ – ‘आणि माझ्याही दे.’

“रोज त्यांच्याही काढून ठेवायचे मी गं,” आई म्हणाली. “वाटीत. मार्चपर्यंत.”