हिरव्या बादलीचा संशय

सान ओनोफ्रे, मंगळवार

चि. एर्मेलिंदा हिला थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तुम्ही खुशाल असणारच, कारण तुमच्या ला कांदेलिता गावात तक्रारीला जागाच नाही, सगळं तुम्हालाच मिळतं. मेहुण्यांची कंबर कशी आहे? (दिवसभर दोन गावांचा ओला कचरा उलटवायचा म्हणजे कंबर जाणारच, पण खताच्या शेडची किल्ली तुमच्याच गावाकडे का, हे मी विचारणार आहे.) माझी प्रकृती उत्तम. चार दिवस मक्याच्या पेजेवर आहे, ते केवळ आवड म्हणून. हे पत्र बसवाल्याकडे देतोय. कचरागाडीवर माझा काडीचा विश्वास नाही.

दोन गावांनी करार करून एकच कचरागाडी घेतली आणि घरोघर हिरव्या बादल्या वाटल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि तुमच्या कांदेलेरिया मातेची मूर्ती बसली ड्रायव्हरसमोर काचेपाशी. आमचे संत ओनोफ्रे मागे, जिथून कचरा आत पडतो तिथे. नजरचूक म्हणे. आता आमच्या हिरव्या बादल्यांतली केळ्याच्या साली तुमच्या शेडमध्ये जातात आणि कोबी होऊन आमच्याच बाजारात येतात. तो कोबी बघितला की मला आमच्या साली आठवतात.

शुक्रवारी मी खेचरावर बसून गाडीचा पाठलाग केला. चढावर इंजिन निववायला फुल्हेन्सियो ड्रायव्हर थांबला, तेव्हा मी मागून कोपरापर्यंत हात घातला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या सालींत सोनं पुरलंय का?" मी म्हटलं, तपासणी चालू आहे. त्याला ते पटलं नाही, आणि मला तो.

रविवारी चौकात खुली सभा आहे. करार मोडला नाही तर आणखी पाच वर्षं हेच. आमच्या नगराध्यक्षा ओतिलियाबाई घरी येऊन म्हणाल्या, "दोन गाड्या परवडत नाहीत, कासिमिरो, आणि नदी तर एकच आहे." गोड बोलणाऱ्यांपासून मी जपून असतो. नऊ पानी भाषण तयार आहे.

तुझा, कुणाच्याही बोलण्याला न फसणारा भाऊ,
कासिमिरो

ता. क. शुक्रवारचा ढीग उलटवताना निळ्या कागदी रुमालात गुंडाळलेलं काही दिसलं, तर मेहुण्यांनी फावडं मारू नये. ती माझी कवळी आहे. जेवताना काढली आणि सालींबरोबर बादलीत गेली. (मीच टाकली, पण बादली दिली कुणी?) पूर्वीसारखा कचरा घळीत टाकला असता तर नदीने ती केव्हाच नेली असती, हे मला मान्य आहे. सभेत मान्य करणार नाही.

आणखी एक. कवळीशिवाय माझं बोलणं कुणाला कळत नाही. ओतिलियाबाईंना मी चांगलं खडसावलं, तर त्या "आभारी आहे" म्हणून गेल्या. तेव्हा सापडली तर गुरुवारच्या कचरागाडीनेच पाठव, मागे आमच्या संताजवळ बांधून. नाहीच सापडली, तर करार मोडून कसं चालेल? शेड बंद झाली की शोधणार कोण? रविवारी मी तुमच्याच बाजूने हात वर करीन. भाषण मात्र करणार नाही.